गणित आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचं असेल तर

अकरावीचा प्रवेश झाला की कॉमर्सच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो: एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घ्यायचं की मॅथ्स? एसपीत मार्क पडतात असं कुणीतरी सांगतं आणि बरीच मुलं तिथे खूण करून मोकळी होतात. गणित आणि अर्थशास्त्र अशी दोन्हींची पदवी करायचं मनात असेल, अगदी पुसटसं असेल, तरी मॅथ्स घ्या. तयारीतलं पहिलं काम हेच, आणि हे एकदा चुकलं की नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं. दिल्ली विद्यापीठाचं बीए ऑनर्स इकॉनॉमिक्स ‘आर्ट्स’चं म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्या प्रवेशासाठी सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. आर्ट्सला जाणाऱ्यांनीही आपल्या कॉलेजात गणित मिळतं का, हे विचारून घ्यावं. आपल्या बोर्डात आर्ट्स आणि सायन्सचं गणित एकच असतं.

कॉमर्सचं गणित मात्र वेगळं. त्यात इंडेक्स नंबर, टाइम सिरीज, रिग्रेशन असतं, जे पुढे अर्थशास्त्रात रोज लागतं. पण व्हेक्टर नसतात आणि बारावीची त्रिकोणमितीही नसते. तेव्हा कॉमर्सवाल्यांनी सायन्सची गणिताची दोन्ही पुस्तकं मिळवून दिवाळीच्या सुट्टीत तेवढी प्रकरणं करून टाकावीत. सायन्सवाल्यांनी उलट करावं, रिग्रेशन आणि इंडेक्स नंबर कॉमर्सच्या पुस्तकातून वाचावेत. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला असतो. त्यातलं डिटर्मिनंट आणि बेजचं प्रमेय आपल्याकडे अकरावीत होऊन जातं आणि बारावीत कुणी त्याकडे वळून बघत नाही. ही दोन प्रकरणं पुन्हा काढा.

आता पदवीत काय काय करावं लागतं ते. अर्थशास्त्राच्या बाजूला मायक्रो (एकेका ग्राहकाचं, कारखान्याचं अर्थशास्त्र), मॅक्रो (सगळ्या देशाचं), भारतीय अर्थव्यवस्था, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासणं) आणि जमल्यास गेम थिअरी (समोरचा काय करेल ते धरून निर्णय घेण्याचं गणित). गणिताच्या बाजूला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी व स्टॅटिस्टिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि रिअल अ‍ॅनालिसिस. यात क्रम फार महत्त्वाचा. प्रॉबॅबिलिटीशिवाय स्टॅटिस्टिक्स कळत नाही आणि स्टॅटिस्टिक्स व मॅट्रिक्सशिवाय इकॉनॉमेट्रिक्स म्हणजे नुसती सूत्रांची घोकंपट्टी होते. म्हणून पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करा, मग मायक्रोचा वरचा पेपर घ्या.

कॅल्क्युलस कशाला, असं मुलं विचारतात तेव्हा मी फळ्यावर टॉवेल मांडते. समजा, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखानदाराला शेडचं भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ४०,००० रुपये द्यावे लागतात, ते काही केलं तरी चुकत नाहीत. सूत, वीज आणि मजुरी धरून दर टॉवेलमागे ६० रुपये. बाजारात भाव ११० पासून सुरू होतो आणि दर शंभर टॉवेल जास्त आणले की एक रुपयाने उतरतो. किती टॉवेल विणावेत? एक जादा टॉवेल विकून हाती येणारी रक्कम आणि तो विणायचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे थांबायचं. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढला की उत्तर २,५०० येतं, भाव ८५ आणि नफा २२,५००. आता ३,००० विणून बघा. भाव ८० वर येतो आणि नफा २०,००० होतो. पाचशे टॉवेल जास्त विणून पैसे अडीच हजाराने कमी! ज्यांच्या घरी माग आहेत ती मुलं इथे हमखास मान वर करतात, कारण हे त्यांनी घरी सोसलेलं असतं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या काळात पुण्याच्या गोखले या अर्थशास्त्राच्या संस्थेने सोलापूर शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती. आपलं गाव हा अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याच मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

रिअल अ‍ॅनालिसिस टाळू नका. त्यात आकडेमोड जवळपास नसते, सगळ्या सिद्धता, म्हणून सुरुवातीला धडकी भरते. पण पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एमएसक्यूई (संख्यात्मक अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी) सारख्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत एक अख्खा पेपर गणिताचाच असतो. बारावीनंतरच्या सुट्टीत रोज एक छोटी सिद्धता स्वतः वहीवर लिहायची सवय लावा. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच सुट्टीत सुरू करता येईल.

कॉलेज निवडताना नावापेक्षा अभ्यासक्रमाची रचना बघा. अशोका विद्यापीठात इकॉनॉमिक्स-मॅथेमॅटिक्स अशी जोडपदवीच आहे. फी जास्त आहे, पण गरजेनुसार आर्थिक मदत मिळते. गोखले संस्थेत बीएस्सी इकॉनॉमिक्स आहे, आयआयटी कानपूरचं बीएस इकॉनॉमिक्स जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून. सोलापुरातच राहायचं असेल तर नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा फायदा घ्या.  गणित मेजर (मुख्य विषय) आणि अर्थशास्त्र मायनर (जोडविषय) मिळेल का, हे फॉर्म भरण्याआधी विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून विचारा. नाही मिळालं तर ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) दुसऱ्या शाखेतून घ्यावंच लागतं, तिथे अर्थशास्त्र घ्या. दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी लागत नाहीत ना, हेही विचारा. वेळापत्रकामुळे विषय सोडावा लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

कागदपत्रांचं काम मे महिन्यावर ढकलू नका. केंद्रीय विद्यापीठात ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी तपासा. ईडब्ल्यूएसचंही केंद्राच्या नमुन्यातलंच आणि चालू आर्थिक वर्षाचं हवं. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे. एप्रिल उजाडला की सेतूत अर्ज टाका, सोबत वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते घरी बसून एकदा बोट ठेवून ताडून बघा, आईच्या नावासकट.