'थोडा रवा' की 'थोडं खा'? संदर्भाची करामत घरी कशी तपासावी

पाय न जोडलेला जुना ख म्हणजे शेजारी शेजारी उभे र आणि व. म्हणून त्या वळणाने लिहिलेले 'खा' आणि 'रवा' सारखेच दिसतात. पाय जोडलेला ख रुळला तो याच घोटाळ्यापायी. इथे मात्र घोटाळाच हवा आहे.

१. कोऱ्या कागदावर काळ्या पेनने २ सेंटीमीटर उंचीचं 'रवा' लिहा. शिरोरेषा सलग ओढा. र आणि व यांत जेमतेम १ मिलिमीटर फट ठेवा. पाय टेकला तर सगळेच 'खा' वाचतील, फट मोठी झाली तर सगळेच 'रवा'.

२. याच्या तीन झेरॉक्स काढा. हाताने पुन्हा लिहू नका, फट हमखास बदलते.

३. पहिल्या प्रतीवर अक्षरांआधी 'थोडा' लिहा, दुसरीवर 'थोडं'. तिसरी तुलनेसाठी तशीच ठेवा.

४. दहा-बारा जणांना गाठा. प्रत्येकाला एकच प्रत सेकंदभर दाखवून झाका आणि उत्तर लगेच टिपून घ्या. दोन प्रती एकालाच दाखवल्या तर तो सावध होतो, पुढचं उत्तर बाद धरा.

'थोडा'वाले बहुतेक 'रवा' म्हणतील, 'थोडं'वाले 'खा'. दोन अर्थ शक्य होते हे बहुतेकांच्या गावीही नसतं. गंमत खरी तीच.

डोळ्यांकडची माहिती थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या आत खोलवर असलेलं, माहिती पुढे पाठवणारं ठाणं) मेंदूच्या मागच्या भागात जाते, पण ही वाहतूक एकेरी नाही. थॅलॅमसच्या त्या टप्प्यावर डोळ्यांकडून येणाऱ्या जोडण्यांपेक्षा मेंदूच्या बाह्यस्तरातून परत येणाऱ्या जास्त असतात. वाचनाबद्दल मॅक्लेलंड आणि रुमेलहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलेलं प्रारूप असंच चालतं: अक्षरं शब्दाला बळ देतात आणि शब्द उलट अक्षरांना. 'थोडा' वाचताच पुढे पुल्लिंगी नाम येणार अशी अटकळ बांधली जाते आणि संदिग्ध रेघा तिच्या बाजूने झुकतात.

प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. हिंदीत 'थोडा खा' चालतं, त्यामुळे हिंदी वाचनाची सवय असलेले वेगळं उत्तर देऊ शकतात. आणि घरात शिऱ्याचा वास सुटला असेल तर तिसऱ्या प्रतीवरही 'रवा' दिसायची शक्यता वाढते. संदर्भ कागदापुरता नसतो.

५. शेवटी पहिल्या दोन प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. संदिग्ध शब्दाची रेघन् रेघ जुळते. मग त्या शेजारी ठेवून पुन्हा वाचा: बहुधा एक 'रवा'च राहते आणि दुसरी 'खा'च.