जुनी बाईक इनटेकला हवा ओढतेय? आधी लीक शोधा, स्क्रूला नंतर हात लावा

गाडी गरम झाली की रेस खाली बसत नाही, थ्रॉटल सोडला तरी इंजिन दोन-तीन सेकंद वरच राहतं आणि मग सावकाश उतरतं, स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची रेस) कधी हजारावर तर कधी दोन हजारावर, आणि उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत ही लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय एकच घ्यायचा, कार्ब (कार्बोरेटर) आणि हेडच्या (सिलेंडरचा वरचा भाग) मधे कुठूनतरी बाहेरची हवा आत घुसतेय. आणि इथेच बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. एअर स्क्रू फिरव, मग स्लो स्क्रू, मग एक नंबर मोठा जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) टाकून बघ, आणि गाडी थोडी बरी चालते म्हणून तेच बरोबर समजायचं. मी स्वतः दोन महिने हेच करत होतो आणि शेवटी सापडली ती रबर मॅनिफोल्डच्या (कार्ब आणि हेड जोडणारी रबरी नळी) खालच्या बाजूची एक चीर, जी वरून कितीही बघितलं तरी दिसत नव्हती. म्हणून कळकळीने सांगतोय, लीक नाही याची खात्री होईपर्यंत कार्बच्या एकाही स्क्रूला हात लावू नका.

हे नेमकं होतं कसं ते समजलं की शोधणं सोपं जातं. पेट्रोल नीट पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. कार्बमधून जी हवा जाते तिच्यासोबत पेट्रोल येतं, पण कार्बच्या पुढे चिरेतून जी हवा घुसते ती कोरडीच येते, तिच्यासोबत पेट्रोल नाही, म्हणून मिक्शर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आता स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टन ओढतोय पण वाट बंद आहे, त्यामुळे मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला मुळात हवाच थोडी लागत असते. अशा वेळी छोटीशी चीर सुद्धा मोठा वाटा खाऊन जाते. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ राहत नाही म्हणून तीच गाडी हायवेवर ठीक पळते आणि माणूस फसतो. एअर फिल्टर आणि कार्बच्या मधला रबर बूट फाटला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आत जाणारी हवा कार्बमधूनच जाते म्हणून स्लो एवढा बिघडत नाही, पण न गाळलेली धूळ थेट सिलेंडरमधे जाते आणि रिंगा घासतात, त्यामुळे तोही बदलायचाच.

लीक शोधायला बसायच्या आधी पाच मिनिटं दुसऱ्या शक्यता काढून टाका. गाडी स्लोवर ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, रेस बदलली तर केबल ताणली जातेय, लीक नाही. केबलला थोडा फ्री प्ले आहे ना बघा, थ्रॉटल सोडल्यावर टक्कन बंद होतो ना बघा. पॉइंटवाल्या जुन्या गाडीत अ‍ॅडव्हान्सच्या (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणाऱ्या) वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या तर रेस अशीच वर अडकते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फार टाईट असले तरी स्लो बिघडतो. पायलट जेट (स्लोवर पेट्रोल देणारा जेट) अर्धा तुंबला असेल तर लक्षणं हुबेहूब सारखीच दिसतात. स्लोवर चोक किंचित ओढून गाडी सुधारतेय का तेही बघा, सुधारली म्हणजे मिक्शर लीन आहे एवढं नक्की, पण कारण जेट का लीक ते अजून कळलेलं नसतं.

मग डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी. टाकी काढा, उजेड घ्या, खालच्या बाजूला छोटा आरसा धरा. रबर मॅनिफोल्ड बोटांनी दाबून वाकवून बघा, वरवरच्या बारीक भेगा वयाने येतातच, त्या सगळ्या आरपार नसतात, पण वाकवल्यावर जी भेग तोंड उघडते तिच्याकडे लक्ष द्या. जिथे रबर धातूच्या प्लेटला चिकटवलेलं असतं तिथेही रबर सुटतं आणि हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. व्हॅक्यूमचे छोटे निपल असतील तर त्यांच्या रबरी टोप्या बघा, कडक होऊन तडकतात. व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची बारीक नळी दोन्ही टोकांना तपासा. क्लॅम्पचा स्क्रू पूर्ण आवळलाय आणि क्लॅम्पची दोन्ही टोकं एकमेकांना टेकलीत, तर तो क्लॅम्प आता काहीच धरत नाहीये, रबर आक्रसलंय किंवा क्लॅम्प ताणला गेलाय.

आता चालू इंजिनवर टेस्ट. सगळ्यात साधी आणि फुकट टेस्ट म्हणजे स्लोवर कार्ब हाताने हळूच वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवणं. रेस बदलली की जॉइंटमधे काहीतरी आहे. मग पाण्याचा बारीक फवारा, स्प्रेच्या बाटलीतून, एका वेळी एकच जागा. आधी हेडकडचा जॉइंट, थांबा, मग मॅनिफोल्डचं रबर, थांबा, मग क्लॅम्पची जागा. पाण्याने चीर क्षणभर बंद होते आणि स्लो पडतो किंवा अडखळतो, तीच जागा. प्लग कॅपवर आणि फिल्टरच्या तोंडाकडे फवारा जाऊ देऊ नका, फिल्टरमधून पाणी आत गेलं तरी रेस हलते आणि तुम्ही चुकीच्या जागेमागे लागता.

कार्ब क्लीनरने पण हीच टेस्ट करतात, रेस बदलली की लीक, आणि ती पाण्यापेक्षा जास्त स्पष्ट कळते हे खरं आहे. पण तो फवारा पेट घेतो आणि खालीच तापलेला बेंड पाईप (हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा) असतो, जुनी प्लग वायर बाहेर ठिणगी टाकत असेल तर आणखी वाईट. मी स्वतः आता तो वापरत नाही. तुम्हाला करायचंच असेल तर इंजिन थंड असताना सुरू केल्या केल्या, उघड्यावर, अगदी थेंबभर आणि अग्निशामक हाताशी ठेवून करा. त्यापेक्षा मला आवडणारी पद्धत म्हणजे संशयाच्या जागी जाडसर ग्रीसचा थर बोटाने लावायचा. स्लो शांत झाला तर जागा सापडली, ग्रीस नंतर पुसून टाका, रबरावर ठेवू नका. आणि एअर कूल्ड गाडी उभ्या जागी जास्त वेळ चालू ठेवायची नाही, समोर पंखा लावा किंवा मधेमधे बंद करा.

काही लीक फक्त गरम झाल्यावर उघडतात, थंड इंजिनवर सगळं ठीक दिसतं. तिथे बंद इंजिनवर साबणाच्या पाण्याची टेस्ट करा. फोर स्ट्रोकला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, कार्ब काढा, मॅनिफोल्डच्या तोंडात घट्ट बसेल असं नळी घातलेलं बूच लावा, तोंडाने किंवा हातपंपाने अगदी हलका दाब द्या आणि बाहेरून फेस लावा. बुडबुडे आले की संपलं. कॉम्प्रेसर लावू नका.

दुरुस्तीत पहिला नियम, आरपार तडकलेलं रबर बदलायचंच. त्यावर ट्यूबचा तुकडा, टेप, सीलंट हे सगळं गाडी घरी पोचवण्यापुरतं. साधा सिलिकॉन सीलंट तर पेट्रोल लागलं की फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे थेट इंजिनमधे जातात. रबर फक्त कडक झालंय, तडकलं नाहीये, तर गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून मऊ करून बसवता येतं.

कार्ब किंवा मॅनिफोल्ड काढलं की लगेच हेडच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. एक वॉशर आत पडला तर सगळं इंजिन उघडावं लागतं, आणि गाडी सुरू करायच्या आधी ते फडकं आठवणीने काढा. जुनं पॅकिंग खरवडताना टोकदार पेचकस वापरू नका, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच नवीन लीक सुरू होतो.

आता फ्लॅन्ज (कार्बची बोल्ट लावायची सपाट कड), हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन बोल्टवर बसणारा कार्ब असेल तर कोणीतरी कधीतरी तो जोरात आवळलेला असतोच, आणि दोन्ही टोकं ओढली जाऊन फ्लॅन्ज केळ्यासारखा वाकतो. मग कितीही नवीन पॅकिंग टाका, आणखी आवळा, आणखी वाकतो. स्टीलची सरळ पट्टी फ्लॅन्जवर धरा आणि उजेडाकडे बघा, मधून प्रकाश आला तर वाकलाय. कार्बचं सगळं सामान आणि ओ-रिंग काढा, जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरा, फ्लॅन्जवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि हलक्या हाताने आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की सपाट झाला. आधी २२०, मग ४०० नंबरचा पेपर पुरतो. ओ-रिंगची खाच आहे तिथे फार घासू नका, खाच उथळ होते. नंतर कार्ब नीट धुवा, एकही कण राहायला नको.

ओ-रिंग दर वेळी नवीन, आणि खाचेत बसवल्यावर ती पृष्ठभागाच्या किंचित वर दिसली पाहिजे, समपातळीत असेल तर ती दाबलीच जाणार नाही. पेट्रोलला चालणारी नायट्राइल रबराची घ्या, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर विटॉन रबराची जास्त टिकते. मधला फायबर किंवा बॅकेलाईटचा जाड तुकडा असतो तो काढून धातूचा टाकू नका, तो हेडची उष्णता कार्बपर्यंत जाऊ नये म्हणून असतो.

बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आलटून पालटून आवळा. मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच, नसेल तर ६ मिमीच्या बोल्टला अ‍ॅल्युमिनियममधे साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरे होतात. कार्ब रबरात घालताना आतल्या कडेला साबणाचं पाणी लावा, तो खाचेत बसल्याचं हाताला जाणवतं, मगच क्लॅम्प आवळा.

टू स्ट्रोक असेल तर हे सगळं जास्त घाईने करा. तिथे पेट्रोलसोबत ऑइल जातं, मिक्शर लीन झालं की पिस्टन तापतो आणि ऑइल पण कमी पडतं, गाडी थेट सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधे जाम होतो. तिथे क्रँकच्या सीलमधून पण हवा ओढली जाते, म्हणून मॅनिफोल्ड ठीक निघालं आणि रेस तरी वर जात असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं सील बघा, आणि तोपर्यंत गाडी चालवू नका.

लीक बंद झाला की आता कार्बचे स्क्रू. आधी कोणी मोठा जेट टाकला असेल तर मूळ नंबरचा परत टाका. मिक्शर स्क्रू हलकेच तळाला टेकवून दीड ते दोन आटे बाहेर काढा आणि गाडी पूर्ण गरम करा. स्क्रू फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घातला की मिक्शर रिच (पेट्रोल जास्त) होतं, इंजिनकडच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. पाव-पाव आटा फिरवून रेस सगळ्यात वर आणि स्थिर कुठे राहते ती जागा पकडा, मग स्लो स्क्रूने रेस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, बऱ्याच गाड्यांना तो १२०० ते १४०० च्या आसपास असतो, मोठ्या जुन्या सिंगलला कमी. स्क्रू फिरवून आता फरक जाणवायला लागला हीच लीक गेल्याची खूण, आधी तो कितीही फिरवला तरी काही होत नव्हतं.

२०-३० किलोमीटर चालवून आणा, थंड होऊ द्या, क्लॅम्प परत एकदा तपासा कारण नवीन रबर पहिल्यांदा तापलं की थोडं बसतं. प्लग काढून बघा, पांढराफटक होता तो फिकट तपकिरी व्हायला लागला असेल.