वय चारचं, खेळ कितव्या वर्षाचा?

घाटंजी तालुक्यात माझी अंगणवाडी. "याचा बापही उशिराच बोलला, बाई," असं कुणी म्हटलं की मी आता वाद घालत नाही. मूल नुसतं मागे आहे की स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका घ्यावी, हे पाहायला वही काढते.

आधी कान. ताटाच्या आवाजाला वळतो म्हणून ऐकू येतंच असं धरू नका, तपासणी करून घ्या.

मग वहीत मुलाचं खरं वय लिहा. त्याखाली चालणं, बोलणं, खेळणं, हातानं खाणं साधारण कितव्या वर्षाच्या लेकरासारखं आहे ते वेगवेगळं लिहा. माता-बाल संरक्षण कार्डावर टप्पे दिलेले आहेत. स्वमग्नतेची लक्षणं ताडायची ती खऱ्या वयाशी नाही, त्याखाली लिहिलेल्या या वयांशी.

मागे तान्ह्या पोळ्याला दोन पोरं आली. दोघंही चार वर्षांची, दोघंही न बोलणारी. एकाचं सगळंच दीड वर्षाच्या लेकरासारखं. पण लाकडी नंदी दोन पावलं ओढला की वळून माझ्याकडे पाहायचा, बोट दाखवायचा. दीड वर्षाचं लेकरू हेच करतं. म्हणजे तो मागे होता, पण माणसांत होता. दुसरा तीनचाकी चालवी, डब्यांची झाकणं बिनचूक लावी. त्यानं नंदी उलटा केला आणि अर्धा तास चाकं फिरवली. मान एकदाही वर नाही. कडुनिंबावरचा कावळा दाखवला, तर ना कावळ्याकडे पाहिलं ना माझ्या बोटाकडे. फळीवरचा डबा हवा होता तेव्हा माझं मनगट धरून नेलं, जणू माझा हात म्हणजे बोरं पाडायची आकडी.

नुसत्या चाकं फिरवण्यावर जाऊ नका, लहान लेकरं तेही करतात. आणि पहिल्यासारखं मागे असलेलं मूल दीड वर्षाचं लेकरू दाखवतं तेवढंही काही दाखवत नसेल, तर मागे असणं आणि स्वमग्नता, दोन्ही अडचणी एकत्र असू शकतात.

शंभरापर्यंत आकडे म्हणणाऱ्या पोरापुढे मी एकदा 'बोलतो' लिहून मोकळी झाले. त्याला तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं. वर्ष गेलं त्यात. आता 'बोलणं' म्हणजे स्वतःच्या गरजेपुरतं काय सांगतो, एवढंच लिहिते.

निदान आपण करायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना वही दाखवा. पुढे 'इसा' नावाच्या 40 मुद्द्यांच्या मोजपट्टीवर तज्ज्ञ तपासतात. 70 च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत.

आलेले शब्द गेले असतील तर मात्र पथकाची वाट पाहू नका. कापूस वेचणीचे दिवस असले तरी दवाखान्यासाठी दुसऱ्या दिवशीची एसटी धरा.