टोगाफ आणि आर्किमेट एकत्र वापरताना या चुका टाळा

टोगाफ ही संस्थेचं कामकाज आणि माहिती-प्रणाली यांची रचना (एंटरप्राइझ आर्किटेक्चर) आखण्याची चौकट, तर आर्किमेट ही ती रचना चित्रांत मांडण्याची भाषा. काम कोणत्या क्रमाने करायचं हे टोगाफची एडीएम ही टप्प्याटप्प्याची पद्धत सांगते. त्या कामातून जे ठरतं ते कोणत्या घटकांत आणि नात्यांत मांडायचं, हे आर्किमेट. आज दोन्ही ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहेत. मात्र १९९५चं टोगाफ अमेरिकी संरक्षण खात्याच्या टॅफिम या आराखड्यावरून आलं आणि आर्किमेट नेदरलँड्समध्ये घडलं, त्यामुळे दोन्हींतले शब्द जुळले तरी अर्थ तपासूनच घ्यावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एडीएमच्या बी (व्यवसाय), सी (माहिती-प्रणाली) आणि डी (तंत्रज्ञान) टप्प्यांची मॉडेलं वेगवेगळ्या फायलींत ठेवणं. एकच प्रणाली एकीकडे ‘कर्ज प्रणाली’ आणि दुसरीकडे ‘लोन ॲप’ होते, आणि ई (उपाय ठरवण्याच्या) टप्प्यात बदलाचा परिणाम शोधायला गेलं की साखळी तुटलेली सापडते. मॉडेल एकच ठेवा, टप्प्यानुसार फक्त व्ह्यू (त्याच मॉडेलमधली निवडक चित्रं) वेगळे करा. आर्ची हे आर्किमेटची मॉडेलं काढायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर घटक पॅलेटमधून नव्याने न घेता मॉडेल ट्रीमधून ओढा. व्हॅलिडेटर एकाच नावाचे संभाव्य दुबार घटक दाखवतो, पण नाव बदललेला दुबार घटक तुम्हालाच शोधावा लागतो.

दुसरी चूक बाणाची. कर्ज ॲप पतगुण सेवेला विनंती पाठवतं, म्हणून सर्व्हिंगचा (सेवा पुरवण्याच्या नात्याचा) बाण ॲपकडून सेवेकडे काढला जातो. तो उलटा हवा: सेवेकडून ॲपकडे, म्हणजे सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. विनंती कुणी सुरू केली याच्याशी त्याचा संबंध नाही. माहितीचा प्रवास दाखवायचा असेल तर फ्लो हे नातं वापरा.

‘आज’ आणि ‘उद्या’ एकाच चित्रात नुसत्या रंगांनी वेगळे केले, की सहा महिन्यांनी लाल म्हणजे काय हे कुणालाच आठवत नाही. दोन प्लॅटो (plateau, म्हणजे ठरावीक काळातली रचनेची स्थिती दाखवणारा आर्किमेटचा घटक) करा, मधल्या टप्प्यांच्या ट्रान्झिशन आर्किटेक्चरलाही प्लॅटोच द्या आणि फरक गॅप घटकात नोंदवा. तो फरक टोगाफच्या तक्त्यातून काढा: ओळींत आजचे घटक, स्तंभांत लक्ष्यातले, शेवटी ‘नवीन’ ही ओळ आणि ‘वगळलेले’ हा स्तंभ. ‘वगळलेले’मध्ये आलेल्या प्रत्येक घटकाबद्दल विचारा, मुद्दाम काढला की राहून गेला? खरी उपयोगी उत्तरं इथेच मिळतात.

झॅकमनचा तक्ता (आर्किटेक्चरची वर्णनं सहा ओळी आणि सहा स्तंभांत लावणारा) जोडीला घेतलात तर छत्तीसही चौकटी भरत बसू नका. ते वर्गीकरण आहे, कामाचा क्रम नव्हे. एडीएमच्या ए (सुरुवातीच्या) टप्प्यात हितसंबंधीयांचे प्रश्न लिहून काढा आणि ज्या चौकटीमागे प्रश्न आहे तेवढीच भरा.