प्लॅटिनेरीसच्या स्नायूंवर काम सुरू करताना

आमच्या प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्याला आधी लेझरने थराथरांची चित्रं घेणाऱ्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसायचं असतं. मी त्यांना साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली जिवंत अळ्या बघायला लावते. स्नायू कधी, कुठे आकसतो हे डोळ्यांत बसलं, की नंतरची चित्रं वाचता येतात.

आमचा प्राणी प्लॅटिनेरीस ड्युमेरिली, समुद्रातला वलयांकित कृमी. 1950च्या दशकापासून तो जर्मनीत प्रयोगशाळेत वाढवला जातो. प्रजनन चंद्राच्या चक्रावर चालतं, म्हणून कल्चर रूममध्ये चांदण्यासारखा मंद दिवा लावतात. 18 अंश सेल्सिअसला एका क्लचमधली, म्हणजे एकाच वेळी घातलेल्या अंड्यांमधली, सगळी भ्रूणं जवळपास एकाच वेगाने वाढतात. 24 तासांनी सिलियांवर (केसांसारख्या हलत्या तंतूंवर) पोहणारी गोल अळी, 72 तासांनी तीन खंडांची, पाय हलवणारी. तापमान घसरलं की वेळापत्रकही घसरतं. त्यामुळे वहीत तासांबरोबर तापमान लिहाच.

खंडांतले स्नायू मुख्यतः सुरुवातीच्या भ्रूणातल्या 4डी या एकाच पेशीच्या वंशातून येतात. तिच्यापासून दोन्ही बाजूंना मेसोडर्मचे (भ्रूणातल्या मधल्या थराचे) पट्टे तयार होतात. आधी लांबीच्या दिशेचे स्नायू दिसतात, पुढे पायांचे तिरके. पोटाकडच्या मध्यरेषेवरच्या स्नायूला जीवशास्त्रज्ञ आरेंट यांच्या हायडेलबर्गमधल्या गटाने 2014 मध्ये ‘अॅक्सोकॉर्ड’ म्हटलं आणि त्याचं नातं आपल्या नोटोकॉर्डशी (भ्रूणात पाठीच्या कण्याआधी दिसणाऱ्या आधारदंडाशी) जोडलं. त्यावर वाद आहे. दोन्ही बाजू वाचा, मला तो वाद फार मोलाचा वाटतो.

आता कामाची गोष्ट. स्नायू रंगवायला वापरतो ते फॅलॉइडिन अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंना चिकटतं आणि मिथेनॉल नेमकी तीच रचना मोडतं. इन सिटूसाठीचे (कोणतं जनुक कुठे चालू आहे हे दाखवणाऱ्या पद्धतीसाठीचे) नमुने मात्र आपण मिथेनॉलमध्येच साठवतो. म्हणून फिक्स केल्यावर (रसायनाने पेशी आहे तशा टिकवल्यावर) लगेच नमुन्यांचे दोन वाटे करा आणि फॅलॉइडिनचा वाटा बफरमध्येच ठेवा. शिवाय फॅलॉइडिन फक्त तयार झालेले तंतू दाखवतं. पेशीने स्नायू व्हायचं कधी ठरवलं, हे मायोडीसारख्या स्नायू घडवणाऱ्या जनुकांच्या इन सिटूवरूनच कळतं.

आतड्याचे स्नायू बरेच उशिरा येतात. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की शरीराचे स्नायू पट्टेदार, मधल्या आतड्याचे गुळगुळीत, आणि दोघांची जनुकीय ओळख पृष्ठवंशीयांशी जुळते. हा भाग करायचा असेल, तर प्राणी कित्येक आठवडे वाढवावे लागतात. पहिल्याच क्लचमधले थोडे बाजूला काढा आणि त्यांना शैवाल खाऊ घालायला लागा.