सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी कशी करावी

धडे पुन्हा वाचत बसणं ही उजळणीची सर्वांत कमकुवत पद्धत. वाचलेलं ओळखीचं वाटतं म्हणून ते येतंय असं वाटतं, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. म्हणून पहिली पायरी पुस्तक मिटूनच.

१. कोरा कागद. एक छोटा घटक निवडा: घनता, पेशी, चंद्रकला. ‘भौतिकशास्त्र’ एवढा मोठा नको. दहा मिनिटांत आठवेल ते लिहा, आकृतीही काढा. मग पुस्तक उघडून चुका आणि राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरा. अभ्यास फक्त त्या रंगाचा करायचा.

२. गोंधळाच्या जोड्या एककांसह लिहा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. १ किलोग्रॅम वस्तूचं वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन, चंद्रावर सुमारे १.६ न्यूटन, वस्तुमान दोन्हीकडे तेच. एकक चुकलं तर बहुधा संकल्पनाच चुकलेली असते.

३. आधी अंदाज, मग प्रयोग. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवा. वस्तुमान ११० ग्रॅमच भरतं, पण आकारमान साधारण १०६ मिलिलीटर. वस्तुमानाची बेरीज होते, आकारमानाची होईलच असं नाही.

लंबकही करून बघा. दोऱ्याला लहान जड वस्तू बांधा आणि टांगलेल्या बिंदूपासून त्या वस्तूच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर लांबी ठेवा. १० आंदोलनांना सुमारे १० सेकंद लागतात. ९ सेकंद आले तर बहुधा मोजणीत घोळ आहे: वस्तू सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही, आणि जाऊन परत आली की एक आंदोलन. लांबी गाठीपर्यंतच मोजली, तर उत्तर थोडं जास्त येतं. आता वस्तू दुप्पट जड घ्या, लांबी तीच ठेवा. वेळ बदलेल का, ते आधी लिहून ठेवा. (बदलत नाही.)

४. रसायनशास्त्रात ‘उलट करता येतो तो भौतिक बदल’ हा नियम पाठ असेल तर तो सोडा. फुटलेली काच पुन्हा सांधत नाही, तरी तो भौतिकच बदल. विचारायचा प्रश्न एकच: नवा पदार्थ तयार झाला का? मिठाचं पाणी आटवलं की मीठच उरतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट राहतं.

५. जीवशास्त्रात व्याख्येऐवजी ‘कुठून आलं?’ असं विचारा. झाडाचं वस्तुमान कुठून येतं? मातीतून, असंच बहुतेक जण म्हणतात. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने वाळुंजाचं रोप पाच वर्षं कुंडीत वाढवलं, तेव्हा झाडाचं वस्तुमान सुमारे ७५ किलोने वाढलं आणि माती जेमतेम ५७ ग्रॅम घटली. त्याने श्रेय पाण्याला दिलं. आज आपल्याला माहीत आहे की त्यातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. आणि झाड फक्त रात्री श्वसन करतं, हे चूक. श्वसन चोवीस तास चालतं.

६. खगोलशास्त्राला दिवा आणि चेंडू लागतो. अंधाऱ्या खोलीत डोक्याच्या उंचीवर उघडा बल्ब लावा. हात लांब करून पांढरा चेंडू धरा आणि दिव्याकडे तोंड करून उभे राहा: ही अमावास्या. डावीकडे काटकोनात वळा, उजवा अर्धा भाग उजळलेला दिसेल. पाठ दिव्याकडे केली की पौर्णिमा. इथे डोक्याची सावली चेंडूवर पडली तर चेंडू जरा वर धरा. ते झालं होतं चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ते होत नाही. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा गैरसमज इथेच गळून पडतो.

ऋतूंचं कारणही तपासा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. म्हणजे कारण अंतर नाही, अक्षाचा २३.५ अंशांचा कल.

७. चुकलेली प्रत्येक गोष्ट कार्डावर प्रश्न म्हणून लिहा, उत्तर मागे. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी पाहा. तोंडाने पूर्ण उत्तर दिल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात.