हॉस्टेलच्या खोलीतलं विणकाम आणि जुन्याचं नवं: या चुका टाळा

जुलैत कॉलेज सुरू झालं की मोठ्या हौसेने सुया आणि लोकर घेतली जाते. ऑक्टोबरात तोच अर्धा मफलर सुयांसकट कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, वेळच मिळत नाही." मला हे पटत नाही. बसमध्ये, मेसबाहेर ताटकळताना, लाइट गेल्यावर, रात्री जेवून गप्पा मारताना वेळ असतोच. चुकते ती कामाची निवड. ज्याला टेबल, उजेड आणि सलग दोन तास लागतात असं काम आपण घेतो, आणि मिळतात वीस-वीस मिनिटांचे तुकडे. पैशांचंही तसंच होतं. बचत करायची म्हणून सुरू केलेली हौस दुसऱ्याच महिन्यात पॉकेटमनी खाऊ लागते.

स्वेटर विणून पैसे वाचतील असं समजणं

वाचत नाहीत. थंडीत आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटरांचे ढीग लावून बसतात. तो मशीनवर विणलेला माल असतो आणि घासाघीस करून ज्या भावाला मिळतो, त्या भावात पुष्कळदा नुसती लोकरही येत नाही. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण 400 ते 600 ग्रॅम लोकर लागते. मफलर 150 ते 200 ग्रॅममध्ये होतो, टोपी 100 ग्रॅमच्या आत. म्हणजे आठवड्याच्या खर्चातून परवडणारं आणि महिनाभरात हातावेगळं होणारं काम कुठलं, ते उघडच आहे. विणकामात बचत होते ती दुसऱ्या बाजूने: शंभर ग्रॅम लोकर कितीतरी संध्याकाळी पुरते. तेवढ्या पैशात कॅफेतली एक कॉफी येते, तीही अर्ध्या तासात संपते.

स्वेटर विणायचाच असेल तर आधी कॅलेंडर बघा. आपल्याकडे थंडी पडायच्या सुमारास नेमक्या सेमिस्टरच्या परीक्षा येतात. डिसेंबरात घालायचा स्वेटर जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करायचा आणि मागचा-पुढचा भाग गणपतीपर्यंत उरकायचा. नोव्हेंबरात टाके घालणाऱ्याचा स्वेटर होळीला तयार होतो.

या महिन्यात दोन गुंडे, पुढच्या महिन्यात दोन

हातात पैसे थोडे, म्हणून लोकरही थोडी थोडी घेतली जाते. पण रंगाच्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेत, छटा किंचित बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात, आणि मफलर उन्हात धरला की मधोमध रेघ मारल्यासारखा फरक दिसतो. लेबलवर शेड नंबराजवळ लॉट नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघून सगळी लोकर एकदम घ्या. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मोकळे गुंडे घेत असाल तर लेबल असलेलाच माल मागा. तेही जमलं नाही तर जुना गुंडा संपायच्या आधीच नवा सुरू करा: दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या, असं इंचभर तरी चालू द्या. छटा एकमेकींत मिसळतात आणि जोड डोळ्यात भरत नाही.

सुईचा नंबर बघितला, मिलिमीटर नाही

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची ही हमखास फजिती. आपल्या दुकानांतल्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर असतात, आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं: नंबर वाढला की सुई जाड. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, त्यांची 8 नंबरची 5 मिलिमीटरची. 10 नंबरला तर कहरच आहे, आपली 3.25 आणि त्यांची 6. व्हिडिओतल्या बाईने "10 नंबर" म्हटलं आणि तुम्ही दुकानातून 10 नंबर आणली, तर तिची भुसभुशीत टोपी तुमच्या हातून नारळाच्या करवंटीसारखी कडक उतरणार. क्रोशालाही हा ब्रिटिश-अमेरिकन घोळ आहेच. ज्याला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब, म्हणजे उंच टाका, पण ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाने मुका खांब, म्हणजे आखूड टाका, सांगितलेला असतो. नमुना कुठला आहे ते आधी बघावं.

याला जोडूनच नमुन्याचा तुकडा, म्हणजे टाके मोजून बघायला आधी विणायचा छोटा चौकोन. तो विणायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, पण हिशेब बघा. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके दिलेत, म्हणून तुम्ही 50 सेंटिमीटरसाठी 110 टाके घातले. तुमचा हात सैल आहे, तुमचे 10 सेंटिमीटरला 20 च बसतात. मग रुंदी होते 55. पुढे 5 आणि मागे 5, म्हणजे घेरात 10 सेंटिमीटर जादा. महिनाभर विणून तो स्वेटर शेवटी वडिलांना द्यायचा.

"मी 40 टाके घातले होते, आता 47 कसे झाले?"

नवशिक्यांचा हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन जागा तपासा. पहिली ओळीच्या सुरुवातीची. काम उलटवून नवी ओळ धरताना लोकरीचा दोरा सुईवरून मागे गेला असेल, तर पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन बाजू, सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात. आपण दोन्ही विणतो. दोरा आधी खाली, सुईच्या पुढून ओढून घ्या आणि मग सुई घाला. दुसरी जागा म्हणजे बॉर्डर, जिथे सुलट (दोरा मागे ठेवून) आणि उलट (दोरा पुढे घेऊन) टाके आलटून पालटून येतात. उलट टाक्यानंतर दोरा मागे न नेता सुलट विणला की सुईवर एक फुकटचा वेढा बसतो. पुढच्या ओळीत तो टाका होतो आणि खाली भोक पडतं. दर चार ओळींनी टाके मोजले की चूक चार ओळींपलीकडे पळत नाही.

टाका निसटून खाली शिडी पडली तर घाबरून सगळं उसवू नका. क्रोशाची सुई घ्या. कामाची सुलट बाजू आपल्याकडे ठेवून ती निसटलेल्या टाक्यात समोरून घाला, शिडीची सगळ्यात खालची आडवी दोरी पकडा आणि टाक्यातून पुढे ओढा. मग वरची दोरी, मग त्याच्या वरची. वरपर्यंत आलं की टाका सुईवर चढवा. एक पाय पुढे, एक मागे, बाकीच्या टाक्यांचा दिसतो तसाच. अशा तऱ्हेने दहा ओळी खाली गेलेला टाकाही दोन मिनिटांत वर येतो.

आणि मफलरच्या कडा नळीसारख्या गुंडाळल्या जात असतील तर तुमचा हात वाईट नाही. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण गुंडाळतेच, तो तिचा स्वभाव आहे. इस्त्री करून काही दिवस भागतं, पुन्हा तेच. पहिल्या मफलरला सगळ्या ओळी सुलट विणा, किंवा साबुदाण्याची वीण घ्या (एक टाका सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत अदलाबदल). ती सपाट राहते, आणि दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत असल्यामुळे कुठली ओळ चालली आहे हे डोक्यात ठेवावं लागत नाही. बसमध्ये करायला हे काम उत्तम. तिथे लांब सरळ सुयांपेक्षा गोल सुई (लवचीक दोरीने जोडलेल्या दोन आखूड सुया) बरी, कोपर शेजारच्या काकूंना लागत नाही. लायब्ररीत मात्र स्टीलची सुई नेऊ नका. शांततेत फरशीवर पडलेल्या सुईचा आवाज कुठवर जातो, ते कळायला एकदाच पडावी लागते.

जुना स्वेटर उसवण्याआधी शिवण न बघणं

जुन्यातून लोकर काढणं ही खरी काटकसर, पण प्रत्येक स्वेटर उसवण्याजोगा नसतो. आतली बाजू उलटून शिवण बघा. कडेला ओव्हरलॉक असेल, म्हणजे कापड कापून कडा दोऱ्यांनी गुंडाळल्या असतील, तर तो स्वेटर विणलेल्या थानातून कापलेला आहे. उसवायला बसलात की प्रत्येक ओळीचा वेगळा, हातभर लांबीचा तुकडा निघेल. कडा न कापलेल्या आणि साखळीसारख्या टाक्यांनी जोडलेल्या असतील तरच पुढे जा. आटून नमद्यासारखा घट्ट झालेला लोकरी स्वेटरही सोडून द्या, तो उसवत नाही. त्याच्या उशीच्या खोळी करा.

शिवणी सोडवल्या की जिथे विणकाम संपलं होतं त्या टोकापासून, म्हणजे बहुतेक वेळा गळ्याकडून, उसवायला घ्या. खालच्या बॉर्डरकडून उसवायला गेलात तर दोरा अडकत राहतो. निघालेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असते, आणि घाईने तिचा तसाच गुंडा करून विणायला घेतली की टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा. न पिळता दाबून पाणी काढा आणि खाली हलकंसं वजन लावून टांगा. ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, तेवढं सरळ होत नाही. म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवायचा मोह होतो, तो आवरा. धागा वितळून कायमचा लुळा पडतो.

ॲक्रिलिकवरूनच आठवलं, उरलेल्या लोकरीची कढई उतरवायची फडकी आणि गरम भांड्याखालची चौकटं विणू नका. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटतं. त्या कामाला सुतीच धागा हवा.

फेस्टचे टी-शर्ट कसेही कापणं

दर वर्षी फेस्टचा एक आणि विभागाचा एक असे टी-शर्ट जमतात, पाठीवर स्पॉन्सरांची यादी छापलेले. सुती असतील तर त्यांचा फुकटचा जाड धागा होतो आणि पायपुसणी, टोपल्या, झाडाच्या कुंडीला लटकन असं बरंच काही क्रोशाने करता येतं. चुकतं कापण्यात. काखेखालून आडवा कापून फक्त नळीसारखा भाग घ्यायचा. तो असा घडी घालायचा की एका बाजूची घडी दुसऱ्या कडेच्या चार-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबेल. मग घडीकडून अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापत जायचं, पण ती मोकळी सोडलेली कड कापायची नाही. शेवटी ती कड उलगडून पहिल्या पट्टीतून शेजारच्या दुसरीत तिरकी कात्री चालवली की सगळा टी-शर्ट एकाच सलग पट्टीत सुटतो. दोन्ही हातांनी ती ताणली की कडा आत वळून गोल धागा तयार. छपाईचा भाग नीट वळत नाही, तो वगळा. खेळायचे घसरडे पॉलिस्टर टी-शर्ट तर घेऊच नका.

घरी फोन करून एक गोष्ट मात्र वेळेवर सांगा: जुन्या सुती साड्या बोहारणीला द्यायच्या नाहीत. स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात गेलेली साडी परत येत नाही आणि गोधडीला तिच्यासारखं कापड दुकानात मिळत नाही. अख्खी गोधडी खोलीत पसरायला जागा नसते, पण साडीच्या चार थरांची बसायची चौकट धावदोऱ्याने पलंगावर बसूनही होते. नव्या आणि जुन्या कापडाचे थर एकत्र करू नका. नवं धुतल्यावर आटतं आणि जुनं फुगून राहतं.

"मला पण एक करून दे ना"

इथे बहुतेकांचं कॉलेज आणि विणकाम दोन्ही एकदम बिघडतं. एकीने क्रोशाचं सूर्यफूल बॅगेला लावलं की मजल्यावरच्या सगळ्यांना तसंच हवं असतं. "तुझं तर बसल्या बसल्या होतं," असं म्हणणारीला एक फूल करायला किती वेळ लागतो याची कल्पना नसते. नाही म्हणायला जड जातं, मग फक्त लोकरीचे पैसे घेतले जातात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहायचं सोडून पाकळ्या जोडल्या जातात. स्वतः घड्याळ लावून एक नग करून बघा, वेळेचे पैसे धरून किंमत सांगा, निम्मे आधी घ्या. किंमत ऐकून अर्धी गर्दी आपोआप हटते, ते बरंच. परीक्षेच्या महिन्यात ऑर्डर घेणार नाही हे आधीच सांगून टाकलं की कोणी रागावत नाही. दिवसभर लिहून, टाइप करून दुखणारं मनगट रात्री सुया धरून आणखी दुखतं, हेही हिशेबात धरा. अर्ध्या तासाने हात थांबवून बोटं मोकळी करा.

परीक्षेसाठी काम तसंच टाकून देणं

ओळीच्या मध्ये काम सोडलं की तीन आठवड्यांनी ते कुठल्या दिशेने चाललं होतं ते कळत नाही. (कळण्याची खूण आहे: गुंड्याकडे जाणारा दोरा ज्या सुईवरून निघतो ती उजव्या हातात.) ओळ पूर्ण करा. मग बोथट सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सगळे टाके त्यावर घ्या आणि दोऱ्याची टोकं बांधा. सुया मोकळ्या होतात, पलंगाखाली वाकत नाहीत, टाकेही ताणून राहत नाहीत. खऱ्या लोकरीला कसर लागते, तेव्हा ते घट्ट तोंडाच्या पिशवीत आणि दमट भिंतीपासून लांब ठेवा. सोबत एक चिठ्ठी टाका, आणि तिच्यावर "मफलर" एवढंच लिहू नका. "10 नंबरची सुई, 48 टाके, 62 ओळी झाल्या, पुढची उलट" असं लिहा.